गिरणेत शार्कचे दात मिळतील का? चाळणीआधी खडक बघा

चाळीसगाव तालुक्यातल्या चार मित्रांनी विचारलं आहे: अमेरिकेत लोक गुडघाभर पाण्यात उभे राहून वाळू चाळतात आणि त्यातून शार्कचे दात काढतात, तसे दात गिरणेत किंवा तापीत मिळतील का? नसतील तर जवळात जवळ कुठे जायचं, सोबत काय घ्यायचं? आणि मेहुणबाऱ्याजवळ गिरणेच्या पात्रात एक काळा, त्रिकोणी, धारदार दगड सापडलाय, तो दात असेल का?

गिरणेपासून सुरुवात करतो. गिरणा, पांझरा, बोरी, वाघूर, अनेर, अरुणावती, गोमाई आणि जळगाव, धुळे, नंदुरबार या आपल्या तीन जिल्ह्यांतून वाहणारी तापी, यांच्या वाळूत शार्कच्या दाताची आशा धरू नका. हे ऐकून हिरमोड होईल, पण यामागचं कारण एकदा नीट समजलं की पुढचं सगळं शोधणं सोपं होतं.

नदी दात तयार करत नाही, ती फक्त वाहून आणते. वरच्या अंगाला ज्या खडकात दात आहेत तो खडक पाण्याने झिजला, तरच ते खालच्या वाळूत येतात. फ्लोरिडातल्या ज्या पीस नदीचे व्हिडिओ तुम्ही बहुधा पाहिलेत, ती नदी जुन्या समुद्राच्या तळावर साचलेल्या, फॉस्फेटने भरलेल्या थरांना कापत जाते. मेगालोडॉन हा प्रचंड शार्क साधारण 2 कोटी 30 लाख ते 36 लाख वर्षांपूर्वीच्या समुद्रांत होता आणि त्याचे तळहाताएवढे दात तिथल्या थरांमध्ये आधीपासूनच पडून आहेत. पाणी ते फक्त मोकळे करतं.

आपली गिरणा सह्याद्रीत उगम पावते आणि तापीला मिळेपर्यंत काळ्या कातळावरून आणि त्याच कातळाच्या गाळातून वाहते. हा कातळ म्हणजे साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी थरावर थर पसरलेला लाव्हा. उकळत्या लाव्ह्यात मासा राहत नाही. म्हणून गिरणेची वाळू चाळली तर बेसाल्टचे, म्हणजे याच काळ्या कातळाचे गोटे, पांढऱ्या झिओलाइटचे तुकडे, अकीक, गारगोटी, चुनखडीचे खडे आणि अलीकडचे शिंपले मिळतात. झिओलाइटला कमी लेखू नका. जळगाव जिल्ह्यातल्या खाणींतले झिओलाइटचे स्फटिक जगभरातले संग्राहक जपून ठेवतात. पण तुम्ही दाताबद्दल विचारलंय.

मी गेली सव्वीस वर्षं खडक-जीवाश्मांच्या मागे फिरतोय आणि दर दोन-तीन वर्षांनी कोणीतरी तापीतला "शार्कचा दात" घेऊन येतं. बहुतेक वेळा तो शिंगाळा माशाचा काटा असतो. शिंगाळ्याच्या कल्ल्यामागच्या पंखाला एक जाड, कठीण, करवतीसारखे दाते असलेला काटा असतो, तो मोडून वाळूत पडला की टोकदार दातासारखा दिसतो. कधी गाईम्हशीची दाढ असते. एकदा एका मुलाने आणलेली वस्तू मात्र वेगळीच निघाली, त्याबद्दल शेवटी सांगतो, कारण तुमच्या दगडाशी तिचा संबंध आहे.

आता खरी गोष्ट. लाव्हा येण्याच्या आधी, साधारण 9 ते 10 कोटी वर्षांपूर्वी, पश्चिमेकडून समुद्राचा एक फाटा आजच्या नर्मदेच्या खोऱ्यात आत शिरला होता. त्याच्या तळावर वाळू, चिखल आणि चुना साचला. पुढे त्यावर लाव्हा पसरला आणि सगळं झाकलं गेलं. सातपुड्याच्या पलीकडे, मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यात बाघ, कुक्षी, मनावर या भागात नर्मदेच्या उपनद्यांनी लाव्ह्याचं ते झाकण कापून काढलंय आणि समुद्राचे थर पुन्हा उघडे पडलेत. भूशास्त्रात यांना बाघ थर म्हणतात. खाली वाळूचा खडक, वर गाठीगाठींचा चुनखडक, त्याच्यावर प्रवाळी म्हणून ओळखला जाणारा चुनखडक. यांत कालवं, अमोनाइट (गोल वळ्यांची कवचं असलेले जुने समुद्री प्राणी) आणि सी-अर्चिन या काटेरी समुद्री प्राण्याचे गोल सांगाडे मिळतात, आणि शार्कचे दातही. त्यांत टायकोडस नावाच्या शार्कचे दात तर टोकदारही नसतात. ते चपटे, वर वळ्या असलेले, बटणासारखे असतात, कारण हा प्राणी शिंपले फोडून खायचा. टोकदार त्रिकोणच शोधत बसलात तर असा दात हातातून निसटेल.

दुसरी दिशा पश्चिमेची. आपलीच तापी उकाईच्या खाली, सुरत जिल्ह्यात लाव्ह्याचा मुलूख सोडते. तापी आणि नर्मदा यांच्या मधल्या पट्ट्यात, किम नदीच्या आसपास, लाव्ह्यापेक्षा तरुण असे समुद्री थर आहेत. तिथल्या चुनखडकात न्युम्युलाइट, म्हणजे एकपेशी समुद्री जीवांची नाण्यासारखी चपटी कवचं सापडतात. वस्तान आणि तडकेश्वर इथल्या लिग्नाइटच्या खाणींतून अभ्यासकांनी 5 कोटींहून जास्त वर्षांपूर्वीचे सस्तन प्राणी आणि शार्क-रे माशांचे दात काढलेत. मात्र खाणीत परवानगीशिवाय पाऊल टाकायचं नाही, तिथे कडा ढासळतात. धुळे-सुरत रस्त्याने जाणं सोपं वाटतं, पण नवख्यांनी बाघचीच वाट धरावी असं माझं मत आहे. तिथे थर डोळ्यांना दिसतात, आणि आपण नाल्यात नेमकं काय शोधतोय ते आधी काठावर पाहून घेता येतं.

आम्ही चौघे पहिल्यांदा गेलो ते 2004 च्या जानेवारीत. दोन मोटारसायकली, शिरपूर, पळासनेर, बिजासन घाट, सेंधवा, बडवानी, मग नर्मदा ओलांडून कुक्षी आणि बाघ. डब्यात कळण्याच्या भाकरी आणि ठेचा. ज्या शेताच्या कडेने नाला जात होता त्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला आधी भेटलो. सातपुड्याच्या दोन्ही अंगांना पावरा-बारेला माणसं राहतात, आमच्यातल्या एकाला त्यांची बोली येत होती, त्यामुळे बोलणं लगेच जमलं. परवानगी मागितली की माणसं वाटही दाखवतात, हा माझा आजवरचा अनुभव. त्या भागात दगडांना मान आहे. 2023 साली बातम्या आल्या होत्या की धार जिल्ह्यात पाडल्या गावात शेताचे राखणदार म्हणून काकड भैरव या नावाने पूजलेले गोल दगड डायनासोरची अंडी निघाली. तेव्हा कुणाच्या बांधावरचा दगड विचारल्याशिवाय हलवू नका.

पहिला दिवस कालवं आणि सी-अर्चिन यांत गेला. सी-अर्चिन ओळखायला सोपा, बोराएवढा किंवा लिंबाएवढा गोल आणि पाठीवर पाच पाकळ्यांची नक्षी. दुसऱ्या दिवशी दुपारी नाल्याच्या वळणावर, एका मोठ्या खडकाच्या पाठीमागे साचलेला खडा चाळत होतो. चाळणी पाण्यातून वर काढली की सगळंच ओलं असतं, सगळंच चमकतं, म्हणून आम्ही ती पांढऱ्या धोतराच्या तुकड्यावर उलटी केली आणि उन्हात ठेवून भाकरी खायला बसलो. वीसेक मिनिटांत खडे वाळून निस्तेज झाले. एकच कण चमकत राहिला. तांदळाच्या दोन दाण्यांएवढा, तपकिरी, एका बाजूला गुळगुळीत आणि खालच्या टोकाला खडबडीत. भिंगातून पाहिलं तर चकचकीत भाग एका नेमक्या रेषेवर संपत होता आणि त्याखाली दोन फाटे असलेलं मूळ होतं. तो पहिला दात. चौघेही त्या फडक्यावर गुडघे टेकून बसलो होतो आणि बराच वेळ कोणी काही बोललं नाही.

ही वाळवण्याची युक्ती लक्षात ठेवा. शार्कच्या दातावर एनॅमलसारखं फार कठीण आवरण असतं, ते वाळल्यावरही झळाळी सोडत नाही. अकीकही चमकतो, पण त्याला मूळ नसतं. म्हणून तीन गोष्टी एकत्र हव्यात: चमकणारा मुकुट, निस्तेज सच्छिद्र मूळ, आणि दोघांच्या मध्ये स्वच्छ रेषा. कडेला दाते असतील तर ते एकसारखे असतात, दगड फुटून झालेल्या दात्यांसारखे वेडेवाकडे नसतात. रंगावर मात्र जाऊ नका. काळा म्हणजे जुना असं नाही, दात ज्या थरात पडला त्या थरातल्या खनिजांचा रंग घेतो. पिवळसर, करडा, तपकिरी, काळा, काहीही असू शकतो.

इतके दात सापडतातच कसे, हा प्रश्न पडतोच. शार्कचा सांगाडा हाडाचा नसून कूर्चेचा असतो, आपल्या कानाच्या वरच्या लवचीक भागासारखा, तो कुजून जातो. दात मात्र ओळींनी एकामागे एक उगवत राहतात, पुढचा पडला की मागचा पुढे सरकतो. काही जातींचा एकच शार्क आयुष्यात हजारो दात टाकतो. युरोपात शतकानुशतकं लोक या दगडी दातांना सापाच्या दगड झालेल्या जिभा समजत. 1666 साली निकोलस स्टेनो या डॉक्टरकडे फ्लॉरेन्समध्ये एका मोठ्या शार्कचं डोकं आलं. ते चिरून पाहिल्यावर या "जिभा" म्हणजे शार्कचे दातच हे त्याने दाखवून दिलं, आणि समुद्री प्राणी खडकात कसे पोचले या विचारातून भूशास्त्राचा पाया घातला गेला.

साहित्य फार लागत नाही. दीड फुटाच्या लाकडी चौकटीला हार्डवेअरच्या दुकानातली जाळी ठोकून दोन चाळण्या करा, एक पाव इंचाची आणि दुसरी त्याहून बारीक, साधारण 2 मिलिमीटरची. मोठी वर, बारीक खाली. बाघकडचे दात बहुतेक नखाएवढे किंवा त्याहून लहान असतात, नुसती मोठी जाळी घेऊन गेलात तर सगळे खाली निघून जातील. शिवाय घमेलं, छोटी फावडी, पांढरं फडकं, दहापट मोठं दाखवणारं भिंग, मऊ दातघासणी आणि रिकाम्या काडेपेट्या.

वाळू कुठली उचलायची? नुसती मऊ वाळू चाळून हात दुखतील. दात गारगोटीच्या वाळूपेक्षा थोडा जड असतो, म्हणून तो जाड खड्यांबरोबर बसतो: वळणाच्या आतल्या बाजूला, मोठ्या खडकाच्या आडोशाला, कातळातल्या रांजणखळग्यांच्या तळाशी. मात्र फ्लोरिडातल्या पद्धती इथे जशाच्या तशा चालत नाहीत. तिथल्या वाळूत दात हाच जड पदार्थ असतो. आपल्याकडच्या नाल्यांत बेसाल्टचे खडे मिसळलेले असतात आणि ते दाताइतकेच जड, म्हणून चाळणी गोल फिरवून दात मध्यभागी गोळा होईल या भरवशावर राहू नका. इथे डोळाच कामाला येतो. कामं वाटून घ्या: एकाने भरायचं, एकाने चाळायचं, एकाने वेचायचं आणि चौथ्याने वही सांभाळायची व वरच्या बाजूला लक्ष ठेवायचं. तासाने बदला, नाहीतर वेचणाऱ्याचे डोळे थकतात आणि दात समोर असून दिसत नाही.

वहीबद्दल मी हट्टी आहे आणि त्याला कारण आहे. त्या पहिल्या सहलीत आम्हाला तीन दात मिळाले आणि दोन वेगवेगळ्या नाल्यांतले सी-अर्चिन. सगळं एकाच पत्र्याच्या डबीत भरलं. महिन्याभराने एका भूशास्त्रज्ञांकडे मोठ्या उमेदीने घेऊन गेलो. त्यांनी तीनच प्रश्न विचारले. कोणत्या नाल्यातला? वाहून आलेला की थरातून निघालेला? वर कोणता खडक होता? एकाचंही खात्रीचं उत्तर आमच्याकडे नव्हतं. त्यांनी डबी परत दिली. दात खरे होते, सुंदर होते, पण त्यांच्यावरून त्या समुद्राबद्दल काहीच सांगता येत नव्हतं. ते आजही माझ्याकडे आहेत आणि त्यांच्या चिठ्ठीवर "जागा माहीत नाही" एवढंच लिहिलंय. म्हणून सांगतो, प्रत्येक काडेपेटीत चिठ्ठी टाका: तारीख, नाला, जवळचं गाव, मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश, सुटा की थरातला, कोणाला सापडला. थरात अडकलेला दिसला तर ओढू नका, शेजारी नाणं ठेवून फोटो काढा आणि तसाच राहू द्या. घरी आल्यावर फक्त पाणी आणि दातघासणी. लिंबू, व्हिनेगर, आम्ल काही लावू नका, दाताचं मूळ खराब होतं.

आणि निघायच्या आधीच ठरवा की सापडलेलं सगळं एकाच पेटीत राहील. वाटणीवरून मैत्री तुटलेली मी पाहिली आहे.

कायद्याचं थोडक्यात. भूवारशाच्या जागा आणि जीवाश्मांसारखे भू-अवशेष जपण्यासाठीच्या कायद्याचा मसुदा 2022 च्या डिसेंबरात केंद्र सरकारने लोकांपुढे ठेवला. त्याचं काहीही होवो, राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्य यांतून काहीही उचलायचं नाही, हे आजही पक्कं आहे. बाघजवळ डायनासोर जीवाश्म राष्ट्रीय उद्यान आहे, तिथे फक्त बघायचं. आपल्याकडे यावल, अनेर धरण, गौताळा औट्रमघाट ही अभयारण्यं, तिथेही तेच. ज्या अमेरिकेतले व्हिडिओ बघून तुम्ही विचारताय तिथेही मोकळं रान नाही. न्यू जर्सीतल्या बिग ब्रूक या प्रसिद्ध ओढ्यात माणशी दिवसाला 5 च जीवाश्म नेता येतात आणि चाळणीच्या मापालाही मर्यादा आहे. खासगी शेतात मालकाची परवानगी, गावात सरपंच किंवा पोलीस पाटलाच्या कानावर घालणं, आणि विक्री अजिबात नाही. काही वेगळं, मोठं सापडलं तर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नागपूर कार्यालयाला फोटोसह कळवा. गिरणेकाठी फावडं आणि चाळणी घेऊन उतरताना तलाठ्याला आधी सांगा. वाळूउपशावरून तिथलं वातावरण तापलेलं असतं, गावकऱ्यांचा गैरसमज व्हायला वेळ लागत नाही.

पाण्याबद्दल मात्र सविस्तरच सांगायला हवं. पावसाळ्यात जाऊच नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम: पुराने नवा खडा आणून टाकलेला असतो आणि पाणी उतरलेलं असतं. सातपुड्यातले नाले फसवे आहेत. तुमच्या डोक्यावर ऊन असतं आणि वर डोंगरात कोसळलेल्या अवकाळी पावसाचा लोंढा अर्ध्या तासात येतो. पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पाला वाहत आला, वरून घरघर ऐकू आली, की चाळणी तिथेच टाकून काठ चढायचा. आमची एक चाळणी अशीच गेली आणि तिच्यामागे धावणाऱ्या मित्राला मी कॉलर धरून ओढला होता. तापीत हतनूर, सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा या ठिकाणांच्या खाली उतरायचं तर दरवाजे उघडणार आहेत का याची चौकशी करूनच. आणि गिरणेच्या पात्रात वाळू उपसून झालेले खड्डे पाण्याखाली दिसत नाहीत. पोहता येणाऱ्यालाही ते गिळतात. काठीने तळ चाचपल्याशिवाय पाऊल टाकू नका.

आता तुमचा काळा त्रिकोणी दगड. वर लिहिल्याप्रमाणे तो शार्कचा दात असण्याची शक्यता नाही, पण म्हणून फेकू नका. ज्या मुलाची आठवण वर काढली, त्यानेही असाच बोटाच्या पेराएवढा, धारदार, त्रिकोणी दगड दात म्हणून आणला होता. भिंगाखाली त्याच्या कडेवर ओळीने बारीक, शिंपल्यासारखे टवके उडालेले दिसले. असे टवके नदी उडवत नाही, नदी कडा गोल करते. तो अश्मयुगातल्या माणसाने घडवलेल्या सूक्ष्मास्त्राचा, म्हणजे अगदी लहान दगडी हत्याराचा तुकडा होता.

तुम्ही तर चाळीसगावचे. पाटणादेवीजवळचं पाटणे हे तुमच्याच तालुक्यातलं. तिथे 1970 च्या दशकात एस. ए. साळी यांनी उत्खनन केलं. अकीक-गारगोटीच्या जातीच्या दगडांची हत्यारं तर मिळालीच, पण शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचा, त्यावर कोरीव रेघांची नक्षी असलेला, साधारण 25,000 वर्षांपूर्वीचा तुकडाही मिळाला. म्हणजे आपल्या या मुलखात तेव्हा शहामृग फिरत होते आणि माणसं त्यांच्या अंड्यांवर नक्षी कोरत होती. तापीकाठी प्रकाशे इथे 1955 मध्ये झालेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगातली वस्तीही उघडी पडली. समुद्राचा दात आपल्या नद्यांत नाही, पण माणसाच्या हातचा दगड आहे.

दगड उन्हात आडवा धरा आणि तिन्ही कडा भिंगाने बघा. टवक्यांची ओळ दिसली तर दोन्ही बाजूंचे फोटो नाण्यासह काढून पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व विभागाला पाठवा. ओळ नसेल, पृष्ठभाग खडबडीत आणि मळकट काळा असेल, तर तो फुटलेला बेसाल्ट आहे. दोन्ही बाबतींत तो कुठे सापडला हे आत्ताच, आठवण ताजी असताना लिहून ठेवा: कोणत्या काठाला, पुलापासून किती पावलं, वाळूवर पडलेला की दरडीतून निसटलेला. दरडीतला असेल तर पुढच्या पुराआधी चौघांनी मिळून ती जागा पुन्हा बघून या, आणि तिथे काही उकरू नका.